मिसेससाठी म्हणून घेतलेली सायकल

बसच्या पायरीवर माझा उजवा पाय चढेना, त्या सकाळपासून मी सायकलचा विचार करायला लागलो. विश्रांतवाडीच्या थांब्यावर बस आली, दार उघडलं, माझ्या पुढची माणसं चढून गेली. मी दांडा धरला आणि पायाला चढ म्हणालो. पाय दुखत नव्हता, मुंग्याही आल्या नव्हत्या. तो नुसता उचलला जात नव्हता. "काका, येताय, की पायरीच्या पाया पडून परत जाताय?" कंडक्टर म्हणाला. आतले दोघेतिघे हसले. मीही हसलो, कारण हसण्याइतका माझा चेहरा तेव्हा अजून हलत होता. मग बस गेली, आणि ती गेल्यावर पाय आपोआप सुटला.

त्याआधी दोन वर्षं मला कंपवात होता. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मी सगळ्यात आधी तो मनातल्या मनात तपासला. धंदाच तो माझा. शनिवार पेठेत दहावी-बारावीची गाईडं छापणाऱ्या एका प्रकाशनात मी मुद्रितं तपासतो. म्हणजे तपासत होतो. शब्दात चूक नव्हती, पण तो अपुरा होता. माझा हात फार कापत नसे. उजवा अंगठा तेवढा थरथरायचा, तो मी खिशात ठेवायचो. माझं दुखणं थांबण्याचं होतं. चालताचालता दार आलं, फरशीचा रंग बदलला, कोणी समोरून आलं, की पाय जागच्या जागी थांबायचे. कंपवात या शब्दात थांबण्याची काही सोय नव्हती.

स्कूटर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद केली. ती मेहुण्याकडे गेली आणि मी बसला लागलो. आता बसही गेली तर कसं, हा प्रश्न होता. रोज रिक्षा परवडण्यासारखी नव्हती. हिच्या मागे स्कूटरवर बसून जावं, तर हिला स्कूटर येत नाही. आमच्या मालकांनी तसं मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "जमेल तोवर या. नाहीतर फाईल घरी पाठवत जाऊ, त्यात काय!" ते चांगल्या मनानं म्हणाले होते. पण माझ्याआधी दोन जणांकडे अशी फाईल घरी गेलेली मी पाहिली होती. महिना-दोन महिने जायची. मग एकदा घाईचं काम असायचं, म्हणून ते दुसऱ्याला दिलं जायचं, आणि मग कोणाच्या लक्षातही राहायचं नाही.

शिवाय खरं सांगायचं तर मला घरी बसायचं नव्हतं. घरी मी आजारी माणूस होतो. घरी माझ्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लावलेल्या होत्या. ऑफिसातल्या खिडकीशेजारच्या टेबलाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिथे मी मागच्या पानांवरची उत्तरं तपासणारा माणूस होतो, आणि भूमितीचं एखादं उत्तर चुकलेलं सापडलं की सगळं ऑफिस माझ्याकडे बघायचं. मला ते टेबल सोडायचं नव्हतं. माझं सगळं त्यावर अडलं होतं.

सायकलचं सुचलं ते त्याच संध्याकाळी, फिजिओथेरपीच्या बाईंकडे. त्यांच्या खोलीत एक जागच्या जागी फिरणारी सायकल होती. खोलीच्या दारात मी अडलो, नेहमीसारखा. बाईंनी फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवलं, मी तिच्यावरून पाय टाकला आणि आत आलो. मग त्यांनी मला त्या सायकलवर बसवलं. पाय फिरायला लागले. कुठे अडणं नाही, ओढणं नाही. पंचविशीतले पाय परत आल्यासारखं वाटलं. बाई मुलीच्या वयाच्या. त्या खूष होऊन म्हणाल्या, "काका, अहो, तुम्ही तर मस्त चालवताय. काही पेशंटना चालता येत नाही पण सायकल येते, ते असं असतं बघा."

मी विचारलं, "मग रस्त्यावर?"

"रस्त्यावर नाही हं काका," त्या म्हणाल्या. "तिथे थांबावं लागतं, उतरावं लागतं. रस्त्यावर अजिबात नाही."

त्यांचं पहिलं वाक्य मी घरी नेलं आणि दुसरं तिथेच ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यातले शब्द खोडत आलो होतो, हे एक वाक्य खोडायला मला काही जड गेलं नाही.

आता सायकल कुठली, एवढंच ठरवायचं राहिलं. घरात एक होतीच. माझ्या वडलांची. ते विदर्भातून इथे दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच सायकलवर गेले. काळी, चोवीस इंची, मधल्या दांडीची, मागे लोखंडी कॅरियर. मी लहान असताना कारखान्याची पाळी सुटली की आळंदी रस्त्यानं अशा शेकडो सायकली यायच्या, आणि त्या गर्दीत मी आमची सायकल घंटीवरून ओळखायचो. वडील गेल्यावर ती पार्किंगच्या कोपऱ्यात उभी होती. मी तिच्यात हवा भरली, साखळीला तेल दिलं, आणि एका दुपारी पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून तिच्यावर बसायला गेलो.

त्या सायकलवर बसायला टांग मारावी लागते. डावा पाय पेडलवर ठेवायचा, उजव्यानं दोनचार उड्या घ्यायच्या, आणि सायकल चालायला लागली की उजवा पाय मागून, कॅरियरवरून पलीकडे टाकायचा. वडील हे सगळं कोटाच्या खिशात हात घालावा इतक्या सहज करायचे. मी डावा पाय ठेवला. उजव्यानं एक उडी घेतली, दुसरी घेतली, आणि टांग मारायच्या वेळी पाय कॅरियरच्या अलीकडेच थांबला. सायकल चालली होती, मी थांबलो होतो. दोघेही आडवे झालो. वॉचमन धावत आला, त्यानं आधी मला उचललं आणि मग सायकल. "साहेब, मुलांची सायकल घ्या ना," तो म्हणाला. त्याचा टोमणा नव्हता. तो खरंच उपाय सांगत होता. घरी मी कोपराला लागलेलं हिला दिसू नये म्हणून आठवडाभर लांब बाह्यांचे शर्ट घातले.

मग माझा भाचा आठवला. तो हिंजवडीला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याला सायकलचा झटका आला होता. गिअरची सायकल, हेल्मेट, हातमोजे, सगळं एकदम. ऑफिसला सायकलनं जाणार म्हणून त्यानं फोटोही टाकले होते. पंधरा दिवसांनी तो पुन्हा कंपनीच्या बसमध्ये बसला. रविवारी त्याच्या फ्लॅटवर गेलो तर सायकल बाल्कनीत होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"मामा, सीरियसली घेऊन जा," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसती पडून आहे. तुम्हाला फिटनेसला बेस्ट आहे. एकवीस गिअर आहेत."

त्याच्या सोसायटीच्या आवारात मी तिच्यावर बसलो. भाच्यानं धरली होती म्हणून बसता आलं. हँडल इतकं खाली की माझं तोंड पुढच्या चाकाकडे गेलं; आधीच मी पुढे वाकून चालतो, तिच्यावर बसून मी लोटांगण घालायच्या बेतात आलो. सीट कमरेच्या वर. पाय जमिनीला टेकवायचा तर अख्खी सायकल कलती करावी लागे. आणि गिअर उजव्या अंगठ्यानं बदलायचे. माझा उजवा अंगठा स्वतःच दिवसभर गिअर बदलत असतो, त्याच्या हाती आणखी एकवीस गिअर द्यायचं माझं धाडस झालं नाही. मी भाच्याला म्हणालो, "छान आहे, पण मला जरा स्पोर्टी वाटते." तो हसला. त्याला माझ्या अंगठ्याचं माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही.

बॅटरीवरची सायकलही एक पाहून आलो. तिचं एक बटण दाबलं की ती आपणच निघते. पण माझे पाय पेडल मारताना चालत होते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पाय न हलवता जायचं तर स्कूटरनं काय घोडं मारलं होतं?

अशा सगळ्या वाटा बंद झाल्यावर जी एक उरली ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, फक्त मी तिच्याकडे बघत नव्हतो. लेडीज सायकल. मधली दांडी नाही, तिथे खाली वाकलेली नळी. टांग मारायला नको, नळीवरून पाय पलीकडे टाकला की झालं. हँडल उंच, सीट खाली घेता येते, बसल्याबसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. माझ्या पायांसाठी कोणी मुद्दाम केली असती तर अशीच केली असती.

लाज वाटत होती. आमच्या वेळी मुलगा बहिणीची सायकल घेऊन शाळेत आला की त्याला वर्षभर ताई म्हणायचे. ताई म्हणणाऱ्यांत मीही होतो. सायकल हा शब्द मुळातच स्त्रीलिंगी, त्याच्यामागे पुन्हा लेडीज लावायचं म्हणजे द्विरुक्ती झाली. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर हे मी ऑफिसात रंगवून सांगितलं असतं. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, आणि एका नळीच्या आकारानं माझी झोप उडाली होती.

दुकान ऑफिसपासून पाच मिनिटांवर होतं. दुकानदार पिकलेला माणूस, कपाळावर चष्मा. मी म्हणालो, "लेडीज सायकल दाखवा."

"कोणाला पाहिजे?"

"मिसेससाठी," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून कसा आला मला माहीत नाही. तो विचारणार आणि मी हेच सांगणार, हे बहुधा दुकानाच्या पायऱ्या चढतानाच ठरलं होतं.

"मग त्यांना आणा."

"मला दाखवा ना. मी सांगतो त्यांना."

"सायकल मापानं घेतात. तुम्ही तुमच्या मिसेसचा चष्मा एकटे जाऊन आणता का?" असं म्हणून त्यानं समोरचं वर्तमानपत्र उचललं. विकायचं नसेल तर दुकान उघडता कशाला, असं विचारावंसं वाटलं. पण पुण्यात या प्रश्नाला उत्तर असतं, आणि ते ऐकण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. पण ते लांब होतं, आणि पाय थकले होते. घरी आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "अगं, तुझ्यासाठी सायकल घ्यावी म्हणतो."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "माझ्यासाठी?"

"हो. भाजीला, विहारात जायला. चालत जातेस ती किती!"

तिनं घडी पूर्ण करून ठेवली, मग दुसरा शर्ट घेतला, मग तोही ठेवून दिला. "माझी होती एक," ती म्हणाली. "लग्नाआधी. कॉलेजला तिच्यावरच जायची मी येरवड्याहून. लग्न ठरल्यावर दादाच्या मुलीला दिली." अठ्ठावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी ती पंजाबी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून तयार झाली. साडीत बसून बघता येणार नाही म्हणाली. दुकानदारानं तिला बघून वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि माझ्याशी बोलताना नव्हता तो आवाज काढला. ती रंग बघत बसली. निळी एक, राखाडी एक, आणि एक डाळिंबी. निळीवर हात ठेवायची, मग डाळिंबीकडे जायची, परत निळीकडे. मी मनात म्हणत होतो, कुठलीही घे. मला नळीची उंची बघायची होती. शेवटी डाळिंबी ठरली. तिनं पुढे टोपली लावून मागितली.

दुकानदारानं तिच्या मापानं सीट खाली घेतली. मी म्हणालो, "अजून दोन बोटं खाली घ्या."

"चालवणार कोण? त्या, की तुम्ही?" तो म्हणाला.

हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "घ्या खाली. पडायची भीती नको." मग ती सायकल घेऊन दुकानासमोरच्या बोळात गेली. पहिले दोन हेलकावे खाल्ले, आणि मग सरळ गेली, वळणावरून दिसेनाशी झाली. बराच वेळ आली नाही. मला काळजी वाटायला लागली, दुकानदार म्हणाला, "येतील हो, पळवून कुठे नेणार!" ती आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी इतकी वर्षं या बाईला काय दिलं, असं माझ्या मनात आलं, आणि आत्ता देतोय तेही तिचं नाही.

पहिला आठवडा सायकल तिच्याकडे होती. सकाळी ती भाजीला जायची, संध्याकाळी विहारातल्या वर्गाला. गल्लीत लहान मुलींनी तिला सायकलवाली आजी म्हणायला सुरुवात केली, आणि तिला ते आवडायचं. दुसऱ्या सोमवारी मी म्हणालो, "आज बसला फार गर्दी असेल. मी जरा सायकल नेऊ?"

"तुम्ही? सायकलवर? इतक्या लांब?"

"फिजिओच्या बाईंनी सांगितलंय. पायांना चांगली." ते अर्धं वाक्य इथे कामाला आलं.

"न्या की," ती म्हणाली.

मंगळवारी मी काहीच न सांगता नेली. बुधवारी तिनंच किल्ली माझ्या डब्याशेजारी काढून ठेवली. त्या आठवड्यापासून ती भाजीला पुन्हा चालत जायला लागली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

पण ते पाच आठवडे! नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता, आळंदी रस्त्यानं खाली, संगमवाडीवरून नदीच्या कडेनं, मग नवा पूल ओलांडून शनिवार पेठ. चालताना मी म्हातारा होतो. सायकलवर नव्हतो. वारा लागायचा. धूळही लागायची, ट्रकचा धूर नाकात जायचा, पण तो सगळ्यांच्याच जात होता. उंच माणूस, खाली घेतलेली सीट, गुडघे हँडलपर्यंत येताहेत, डाळिंबी रंग, पुढे टोपलीत डबा. लोक बघायचे. कॉलेजची दोन पोरं एकदा म्हणाली, "काकूंची आणली का काका?" मी म्हणालो, "हो." ते उत्तर देताना मला लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्या गोष्टीची. ऑफिसात सायकलचं कौतुक झालं. मालक म्हणाले, "बघा, यांच्याकडून शिका जरा." मी टेबलाशी जाऊन बसायचो आणि बीजगणिताची उत्तरं तपासायचो, आणि तेव्हा मला काही झालेलं नसायचं.

फक्त सिग्नल होते. थांबून पाय टेकवला की तो पुन्हा पेडलवर चढेल की नाही ते सांगता येत नसे. म्हणून मी थांबायचंच टाळायला लागलो. लांबून लाल दिवा दिसला की वेग कमी करायचा, गोगलगाईसारखं यायचं, आणि हिरवा झाला की तसंच निघून जायचं. कुठल्या सिग्नलला किती वेळ लागतो ते मला पाठ झालं. सगळे जण सिग्नलला लवकर पोचावं म्हणून धडपडत होते आणि मी उशिरा पोचावं म्हणून. मागचे हॉर्न वाजवायचे. वाजवू दे.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी संगमवाडीच्या पुढच्या सिग्नलला पुढची रिक्षा एकदम थांबली आणि मलाही थांबावं लागलं. दोन्ही पाय टेकले. हिरवा झाला. सगळी निघाली. मी उजव्या पायाला म्हणालो, चल. मोजून बघितलं, एक, दोन, तीन. रस्त्यावर पिवळी पट्टी आहे असं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. बाईंनी शिकवलेलं सगळं करून पाहिलं. पाय हलला नाही. मागून हॉर्न, शिव्या, मग माझ्या दोन्ही बाजूंनी गाड्या जायला लागल्या. लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. मी रस्त्याच्या मधोमध हँडल घट्ट धरून उभा होतो आणि गाड्यांतली माणसं वळूनवळून बघत होती. मला वाटलं, आपण मेलो तर इथेच मरू आणि तेही या सायकलवर.

तिसऱ्या हिरव्याला एक ट्रॅफिक पोलीसबाई आल्या. त्या ओरडायलाच आल्या होत्या. माझ्याजवळ आल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "काका, काय होतंय? चक्कर येतेय का?" मी म्हणालो, "पाय उचलत नाहीये." एवढंच वाक्य मी दोन वर्षं दवाखान्याबाहेर कोणाला म्हणालो नव्हतो. त्यांनी एका हातानं सायकल आणि दुसऱ्यानं मला धरलं, गाड्या थांबवल्या, आणि कडेच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. घरी फोन त्यांनीच केला.

ही येईपर्यंत मी मालकांना फोन केला, उशीर होईल म्हणून. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि मी सांगून टाकलं. "अहो, असं असताना तुम्ही सायकलनं येत होतात?" ते म्हणाले. "नाही, नाही. आजपासून घरूनच. फाईल पाठवून देतो." मी बरं म्हणालो. टेबलावर माझा चष्म्याचा डबा आणि लाल पेन राहिले होते. ते मागवून घ्यावेत का, असं विचारायचं होतं, पण त्यांनी फोन ठेवला होता.

ही रिक्षानं आली. घरातल्याच ड्रेसवर, ओढणी उलटी घेतलेली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुठे लागलं नाही ना ते बघितलं, आणि शेजारी कट्ट्यावर बसली. मी तिला मालकांचं सांगितलं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "दुकानातच सांगायचं ना."

"काय?"

"तुमच्यासाठी आहे म्हणून." ती सायकलकडे बघत होती. "मी उगाच रंग बघत बसले."

मी चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "असू दे," आणि उठली. सायकल रिक्षात मावेना. रिक्षावाल्यानं मागेपुढे करून पाहिली, मग हात टेकले. तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही यांना घेऊन पुढे व्हा. मी हिच्यावर येते." तिनं ओढणी कमरेला बांधली, स्टँड काढला, एक पाय नळीवरून पलीकडे टाकला आणि निघाली.

तिला रिक्षानं पहिल्या वळणापर्यंत गाठलं. ती डाव्या कडेनं चालली होती. पाठ ताठ, केस सुटलेले. पुढे सिग्नल लागला, ती थांबली, एक पाय टेकवला, कपाळावरचा घाम पुसला. हिरवा झाला आणि तिचा पाय पेडलवर गेला. पायाला काही सांगावं लागलं नाही. ती त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी बघत होती. मला तिच्याबद्दल काय काय वाटायला हवं होतं ते सगळं मला माहीत आहे. मला तिचा हेवा वाटला. रडू येईल इतका हेवा वाटला, आणि मग स्वतःची किळस आली.

पुढे चढ होता. ती सीटवरून उठून उभ्यानं पेडल मारायला लागली. चेहरा अर्धाच दिसत होता, पण बोळातून आली तेव्हाचा तो चेहरा होता. आपल्याला कोणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात नेला आणि गाडी उजवीकडे घ्यायला लागला.

"पुढे काढू नका," मी म्हणालो. "मागनंच चला, हळू."

"काका, असं सायकलच्या मागं चाललो तर घरी पोचायला अर्धा-पाऊण तास लागंल."

"लागू दे," मी म्हणालो. "मला आता कुठे वेळेवर पोचायचं नाहीये."